भरलेलं उजवीकडं

माझ्या थोरल्या भावाचा एकही धड फोटो आमच्याकडं नाही. भिंतीवर हार घातलेला जो आहे तो आधार कार्डावरून मोठा करून घेतलेला, आणि त्यात दादा शिंक अडकल्यासारखा दिसतो. सत्तावीस वर्षं त्यानं लोकांची लग्नं, साखरपुडे, जावळं कॅमेऱ्यात धरली. स्वतः कायम कॅमेऱ्याच्या मागं. कुणी म्हणालं, या की, तुमचाही एक घेऊ, तर म्हणायचा, "आचारी कुठं पंगतीत बसतो का?" माघात, ऐन लग्नसराईत, दोन दिवस छातीतलं दुखणं अंगावर काढून तो गेला. हार घालायला फोटो शोधत बसलो तेव्हा त्याच्या त्या वाक्याचा मला पहिल्यांदा राग आला. अजूनही येतो.

एक जागा मात्र होती जिथं दादा होता. ती फक्त वहिनींना आणि मला माहीत होती.

पांढरा रंग कोणता ते कॅमेऱ्याला आधी दाखवावं लागतं, नाहीतर हॉलच्या दिव्यांत सगळं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं येतं. त्यासाठी कुणी कागद दाखवतं, कुणी खास कार्ड. दादा रुमाल दाखवायचा. कॅमेरा तिपाईवर लावून सुरू करायचा, समोर जाऊन दोन्ही हातांनी पांढरा रुमाल छातीशी धरायचा आणि आवाज तपासायला बोलायचा. तारीख, गावाचं नाव, कार्य कोणतं ते, मग एक दोन तीन. आणि शेवटी दर वेळी, "जेवायला थांबू नको." हे शेवटचं वहिनींसाठी. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी कॅसेटी, पुढं कार्डं, संगणकावर उतरवायला वहिनीच बसायच्या. ते काम लग्नानंतर दोनच महिन्यांत दादानं त्यांना शिकवलं होतं. प्रत्येक कार्डावर सगळ्यात आधी दिसायचा तो त्यांचा नवरा, त्यांनीच धुतलेला रुमाल हातात घेऊन.

रुमाल वेगळा धुवावा लागायचा. नीळ घालायची नाही. एकदा चुकून नीळ पडली आणि खुलताबादची एक नवरी अख्ख्या फिल्मभर पिवळी आली. दादा आठ दिवस धुमसत होता. वहिनी म्हणायच्या, "पिवळीच होती ती. हळद उतरली नव्हती, त्याला मी काय करू?" मग दादालाही हसू यायचं.

गिऱ्हाइकाला जी फिल्म जायची तिच्यातून हा रुमालाचा तुकडा कापलेला असायचा. तो फक्त मूळ चित्रणात राहायचा, आणि मूळ चित्रण कोठीत. कोठी हे आमच्या घरातलं नाव. घरच्या नेटवर्कला जोडलेली ती एक काळी पेटी, विटेएवढी, आत एकच मोठी डिस्क. कपाटावर बसून हिरवा दिवा लुकलुकत असायची. वहिनी स्वयंपाकघरातल्या लॅपटॉपवरून तिच्यात टाकायच्या, दादा बाहेरच्या खोलीतून तिच्यातलं काढायचा. दुसरी एखादी प्रत ठेवावी असं वहिनी अधूनमधून म्हणायच्या. "कोठी आहे ना," असं म्हणून दादा विषय संपवायचा.

तो गेल्यावर दीड वर्ष वहिनींनी कोठी उघडली नाही. बघवणार नाही म्हणायच्या. दिवा मात्र चालू ठेवला होता. बाहेरगावी गेल्या तरी ते बटण बंद करायच्या नाहीत. आणि ज्या आठवड्यात त्यांना बघावंसं वाटलं त्याच आठवड्यात वीज गेली, आणि आली ती भसकन आली. फ्रिज वाचला, पंखे वाचले. कोठीचा दिवा गेला.

मला फोन आला तेव्हा मी वाळूजला कंपनीत होतो. "भाऊजी, कोठी बंद पडली," वहिनी म्हणाल्या. "मला एकदा ऐकायचंय वो. जास्त नाय. एकदाच."

त्यांनी मलाच का सांगितलं तेही सांगायला हवं. दादाच्या हाताखाली मी आठ वर्षं काढली होती. दिवे धरले, वायरी गुंडाळल्या, शेवटी शेवटी दुसरा कॅमेराही चालवला. कामाची अक्कल मला होती, सबुरी नव्हती. एकदा कार्डावर चित्रण उतरत असतानाच मी ते उपसून काढलं आणि एका लग्नाच्या निम्म्या मंगलाष्टका गेल्या. दादा मंडपातच, चार माणसांत म्हणाला, "तुझा हात घाईचा आहे. हे काम तुझं नाही." मी तिपाई तिथंच टाकून निघालो आणि महिन्याभरात कंपनीच्या स्टोअरला चिकटलो. नंतर आम्ही बोलायला लागलो, सणावाराला एका ताटात जेवलो, पण ते वाक्य माझ्या घशातून कधी खाली उतरलं नाही. त्यामुळं वहिनींचा फोन आला तेव्हा दुःखाबरोबर मला आणखी एक गोष्ट वाटली, ती लपवत नाही. मला वाटलं, आता दाखवतो.

शहागंजात एक ओळखीचा दुकानदार आहे. जुने संगणक, डिस्का, चार्जर असलं सगळं त्याच्याकडं. कोठी मी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं मागचे स्क्रू काढले, सर्किटचा वास घेतला आणि म्हणाला, "पेटी जल गई भाई. डिस्क अच्छी है." मग त्यानं मला डॉक दाखवला. पाव भाजायच्या यंत्रासारखी चीज. वर दोन खाचा, डिस्क उभी खोचायची आणि यूएसबीची वायर संगणकाला लावायची.

"कंप्यूटर पूछेंगा, फॉरमॅट करूं क्या," तो बोट उगारून म्हणाला. "हौ बोले तो सब गया. नक्को बोलना. इसमें लिनक्स है, तुम्हारे विंडोज को नै समझता." लिनक्सची डिस्क वाचणारा एक लहानसा प्रोग्रॅम त्यानं पेनड्राइव्हवर दिला. मी निघालो तर हाताला धरून परत थांबवलं. "पैले नक्कल बनाव. असल से काम नक्को करो, पुरानी डिस्क है, कब बैठ जाएंगी मालूम नै. इत्तेच माप की नई डिस्क लेव. ये डॉक कंप्यूटर के बिना नक्कल उतारता. बाएं में असल, दाएं में नक्कल. बटन दबाव और छोड देव."

डॉक आणि नवी डिस्क घेऊन मी ते घोकत घरी आलो. बाएं असल, दाएं नक्कल.

आता आमच्या घरातला एक नियम. भरलेलं उजवीकडं, रिकामं डावीकडं. हा कॅसेटच्या काळापासूनचा. दादाच्या जाकिटाला दोन खिसे होते. चित्रण झालेली कॅसेट उजव्या खिशात, कोरी डाव्या खिशात. पुढं कॅसेटी गेल्या, कार्डं आली, नियम तोच. लग्नाच्या गोंधळात, ढोलताशात, कुणी ढकलत असताना, न बघता हात खिशात घातला तरी चुकायचं नाही. दादा म्हणायचा, "जेवायचा हात उजवा, म्हणून भरलेलं उजवीकडं." त्या नियमानं सत्तावीस वर्षांत एकही भरलेली कॅसेट की कार्ड चुकून पुसलं गेलं नाही. मंगलाष्टका मी घालवल्या त्या वेगळ्या पापात. हळूहळू नियम घरभर पसरला. टेबलाच्या उजव्या खणात भरलेली कार्डं, डाव्यात रिकामी. ओट्याखाली भरलेलं सिलिंडर उजवीकडं, रिकामं डावीकडं. माझ्या स्टोअरमध्येही भरलेले खोके मी उजव्या मांडणीवर ठेवतो आणि का ते कुणाला सांगत नाही.

रविवारी सकाळी सगळं घेऊन मी वहिनींकडं गेलो. त्या सिडकोत तिसऱ्या मजल्यावर राहतात. पुतणी बारावीला, ती क्लासला गेली होती. मी दादाच्या संगणकाला डॉक लावला, कोठीतली डिस्क त्यात खोचली. डिस्कवर दादाच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'कोठी, हात लावू नये.' संगणकानं विचारलं, फॉरमॅट करू? मी नको म्हणालो, आणि परीक्षेत पहिला प्रश्न सुटल्यासारखा खूष झालो. मग दुकानदाराचा प्रोग्रॅम चालवला. बराच वेळ काही नाही. डिस्क आत बारीक कुरकुरत होती. आणि एकदम यादी आली.

वेरूळ साखरपुडा. खुलताबाद लग्न. फुलंब्री हळद. फुलंब्री लग्न. पडद्यावर खालपर्यंत, वर्षामागून वर्षं. वहिनी माझ्या मागं उभ्या होत्या. त्यांनी वाकून पडद्यावर बोट ठेवलं.

"हे. फुलंब्रीची हळद. हे उघडा."

"हेच का?"

"त्या दिवशी ते हसले होते," वहिनी म्हणाल्या. "जेवायला थांबू नको म्हणाले, अन् मग म्हणाले, वांग्याची भाजी असली तर थांब. अन् येकटेच हसले. लई वेळ हसले. मी दोनदा लावून बघितलं होतं तवा."

माझा हात माउसवर होता. दोनदा टिचकी मारायची, एवढंच काम. आणि मी म्हणालो, "नको वहिनी. आधी प्रत करू. जुनी डिस्क आहे, मधेच बसली तर सगळंच जाईल. संध्याकाळपर्यंत दम धरा."

आयुष्यात पहिल्यांदा मी घाई केली नाही. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे, आणि दर वेळी माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं आहे. त्या दिवशी मी नेहमीसारखा उतावळा असतो तर वहिनींनी ते हसणं एकदा तरी ऐकलं असतं. मला दादाला दाखवायचं होतं, की बघ, माझा हात आता घाईचा नाही. दादा तर भिंतीवर होता, शिंक अडकलेला.

"बरं," वहिनी म्हणाल्या. "इतके दिवस थांबले, अजून येक दिवस." आणि कणीक मळायला आत गेल्या.

मी संगणक बंद केला, डॉकची वायर काढली. नव्या डिस्कचं पाकीट फोडलं. बाएं असल. कोठीची डिस्क डाव्या खाचेत खोचली. दाएं नक्कल. नवी उजव्या खाचेत. बटणावर बोट ठेवणार, तेवढ्यात वहिनी दारात आल्या. हात कोपरापर्यंत पिठाचे.

"भाऊजी, भरलेली डावीकडं ठिवली का? उलटं झालं की वो."

मी डॉककडं बघितलं. खरंच, भरलेली डावीकडं होती. ते चित्रच मला चुकीचं दिसलं, चप्पल उलटी पडलेली दिसावी तसं. आणि माणसाचं डोकं किती हुशार असतं बघा. त्यानं लगेच कारणही शोधून दिलं. दुकानदार माझ्यासमोर उभा होता. गल्ल्याच्या पलीकडं. म्हणजे त्याचं डावं ते माझं उजवं! त्यानं त्याच्या बाजूनं सांगितलं असणार. दादाचा नियम आणि दुकानदाराचं सांगणं एकदम जुळून आलं, आणि मला हायसं वाटलं.

डॉकबरोबर एक कागद होता, त्यावर चित्र होतं. कागद खोक्यात होता, खोकं स्कूटरच्या डिकीत, स्कूटर खाली. तीन जिने. डॉकच्या मागच्या अंगाला खाचांखाली बारीक अक्षरंही होती. त्यासाठी तर जिनेही उतरायचे नव्हते, नुसता डॉक फिरवायचा होता. मी दोन्ही डिस्का काढल्या आणि अदलाबदल केली. भरलेली उजवीकडं.

"व्हय, आता बरोबर," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी बटण दाबलं. दिवे लुकलुकायला लागले.

डॉकवर चार दिवे होते. पाव काम झालं की एक पेटायचा. दुपारी जेवलो तेव्हा एक पेटला होता. वांग्याची भाजी होती. जेवण झाल्यावर त्या दर अर्ध्या तासानं येऊन दिवे बघून जात होत्या. चार वाजता म्हणाल्या, "दोन झाले, तिसरा लुकलुकायलाय." मी कॉटवर पडून एक डुलकी काढली. हे सगळं चालू असताना त्या दिव्यांच्या खाली, एक वीत अंतरावर, काय होत होतं ते आता माहीत आहे, म्हणून त्या डुलकीची मला शिसारी येते.

दिवेलागणीला चौथा दिवा स्थिर झाला. मी संगणक लावला. वहिनी आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं आल्या. साडी बदलली होती. अंजिरी रंगाची, मी ती त्यांच्या अंगावर सणालाच बघितलेली. केस विंचरून, खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या. हात मांडीवर. पाहुणे यायचे असले की माणूस बसतं तसं.

मी नवी डिस्क लावली. संगणक म्हणाला, ही डिस्क कोरी आहे. मी प्रोग्रॅम चालवला. काही नाही. म्हटलं, प्रत नीट उतरली नसेल, हरकत नाही, असल आहे. असल लावली.

संगणक म्हणाला, ही डिस्क कोरी आहे.

सकाळी त्यानं फॉरमॅट करू का असं विचारलं होतं. म्हणजे आत काहीतरी आहे, मला कळत नाही, असं. आता तो काहीच विचारत नव्हता. मी डॉक उचलला आणि फिरवला. मागच्या अंगाला खाचांखाली अक्षरं होती. फिरवण्याआधी जी खाच माझ्या डाव्या हाताला होती तिच्याखाली मूळ, जी उजव्या हाताला होती तिच्याखाली प्रत. दुकानदारानं माझ्या बाजूनं सांगितलं होतं. मी आठ तास एक कोरी डिस्क दादाच्या डिस्कवर उतरवत होतो.

"काय म्हणतंय?" वहिनींनी विचारलं.

मी डॉक खाली ठेवला. आणि मी बोललो ते इतक्या सहज बोललो, की ते वाक्य आधीपासून तोंडात तयार असावं. "वहिनी, डिस्क आधीच गेलेली होती. त्या विजेच्या झटक्यातच."

"सकाळी तर नावं दिसत होती."

"नावं दिसतात. बरणीवर चिठ्ठी असते ना, लाल तिखट म्हणून. आत काही नसलं तरी चिठ्ठी दिसतेच."

हे इतकं पटण्यासारखं होतं की मलाच क्षणभर पटलं. वहिनी पडद्याकडं बघत राहिल्या. रडतील असं मला वाटलं होतं आणि त्या रडल्या असत्या तर कदाचित मी तिथंच खरं बोलून टाकलं असतं. त्या रडल्या नाहीत. त्यांचा चेहरा हळूहळू कडक होत गेला.

"दहादा म्हणले होते ह्यांना," त्या म्हणाल्या. "दुसरी येक ठिवा, दुसरी येक ठिवा. कोठी आहे ना, कोठी आहे ना. साऱ्या गावाची लग्नं जपली. अन् माझ्यासाठी येवढं जपता आलं नाय."

मग उठून साडी बदलायला गेल्या.

सोमवारी कंपनीत रजा टाकून मी शहागंजात गेलो. दुकानदारानं डिस्क त्याच्या यंत्राला लावली, पडद्यावर शून्यांच्या ओळी पळायला लागल्या. तो वरून बघत गेला, मधून बघितलं, शेवटून बघितलं. सगळीकडं शून्य. "कोरे की नक्कल उतर गई इसपे," तो म्हणाला. "किधर लगाये थे?" मी हातानं दाखवलं. त्यानं कपाळावर हात ठेवला. "मैं तुम्हारे बाजू से बोला था ना भाई." त्यानं मला चहा पाजला. पुण्यामुंबईला पाठवून काही होईल का विचारलं, तर नुसती मान हलवली. घरी जाऊन खरं काय ते सांग, असंही म्हणाला. त्याला काय जातंय म्हणायला, असं मला वाटलं.

पुढच्या रविवारी मी फुलंब्रीला गेलो. ज्यांच्या घरी ती हळद झाली होती त्या लोकांनी तेव्हा हट्टानं मूळ चित्रणही मागून नेलं होतं, हे मला आठवत होतं. भली माणसं. घरधनी म्हणाले, "तुमचे दादा लई गुणी माणूस. पर ते सारं मोठं चित्रण व्हतं ना, ते पोरांनी पुसलं अन् त्या डिस्कमधी सिनेमे भरले." त्यांनी मला बसवून घेऊन टीव्हीवर फिल्म लावली. मी साडेतीन तास बसून बघितली, त्यांच्या नातलगांच्या हळदी, त्यांच्या पंगती. दादा कुठंच नाही. दोन ठिकाणी मात्र त्याची सावली होती. एकदा मांडवाच्या कनातीवर, एकदा नवरीच्या पिवळ्या पदरावर, खांद्यावर कॅमेरा घेतलेली. घरधनी म्हणाले, पेनड्राइव्हमध्ये देऊ का? मी नको म्हणालो. सावली घेऊन त्या घरी काय जायचं होतं, आणि फुलंब्रीला कशाला गेला होतात म्हणून विचारलं असतं तर काय सांगायचं होतं?

त्यानंतर मी वहिनींकडं कमी जायला लागलो. पण जेव्हा जायचो तेव्हा ते वाक्य भेटायचंच. दुसऱ्या वर्षाच्या श्राद्धाला भावकी जमली होती. कुणी तरी दादाच्या कामाचं कौतुक काढलं, की असा काळजीचा माणूस नाही, एक कार्ड कधी हरवलं नाही. वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, "लोकांचं नाय हरवलं." मी पानातला वडा मोडत बसलो. दिवाळीला बघतो तर दादाचा कॅमेरा शोकेसमध्ये नव्हता. विकला म्हणाल्या. तिपाई माळ्यावर. रुमाल विचारायचं मला धाडस झालं नाही; तो मी स्वयंपाकघरात बघितला, गरम पातेलं उतरवायला घेतलेला, हळदीचे डाग पडलेला.

दादा गेला तेव्हा वहिनींनी फार समजूतदारपणे सोसलं होतं. सगळे म्हणायचे. आता त्या त्याच्याशी भांडत होत्या, आणि त्याला उत्तर देता येत नव्हतं. ज्या माणसानं आयुष्यभर नियम पाळला, त्याला त्याच्याच घरात निष्काळजी ठरवून मी जेवून हात धूत होतो. चार माणसांत त्यानं मला एकदा बोल लावला होता. मी त्याला रोज लावत होतो, तोही वहिनींच्या तोंडून.

शेवटी गेल्या मार्गशीर्षात एका दुपारी गेलो. वहिनी भुईवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होत्या. मी समोर बसलो, दोन काड्या हातात घेतल्या आणि म्हणालो, "वहिनी, डिस्क आधी गेलेली नव्हती. माझ्या हातून गेली. मी दोन्ही उलट्या लावल्या. सकाळी सगळं होतं त्यात. हळदही होती."

त्यांचं वय मला तेव्हा एकदम दिसलं. पण ओरडल्या नाहीत. बराच वेळ पानं खुडत राहिल्या. मी मनात ठरवून गेलो होतो की एवढंच सांगायचं, पुढचं सांगायचं नाही. पण बावीस वर्षं चित्रण उतरवलेल्या बाईपुढं ते टिकणार नव्हतं.

"उलट्या म्हंजी?" त्यांनी विचारलं. "भरलेली कुठं होती?"

मी हातातल्या काडीची पानं खुडायला लागलो.

"उजवीकडं?"

"वहिनी, अदलाबदल मी केली. बटण मी दाबलं. मागं अक्षरं होती, ती मी वाचली नाहीत."

"मी म्हणले होते," त्या म्हणाल्या. "पिठाचे हात होते माझे. उलटं झालं की वो, असं म्हणले होते मी."

"तुम्ही नुसतं म्हणालात."

"तुम्ही बरोबर ठिवली होती."

त्यांनी हातातली काडी खाली ठेवली. मग पुन्हा उचलली. भिंतीवरच्या फोटोकडं त्यांनी बघितलं नाही, मीही नाही. तिथं बसून मी दोघांचंही किती भलं केलं याचा मला अंदाज येत होता. वर्षभर त्या नवऱ्यावर रागावून जगत होत्या, आणि आता मी त्यांचा तो रागही काढून घेतला होता. त्याच्या जागी त्यांच्या हातात काय दिलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

खाली स्कूटीचा आवाज आला. पुतणी कॉलेजातून आली होती. जिन्यात तिची पावलं वाजायला लागली तेव्हा वहिनी माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पोरीला सांगायचं नाय."

"मग तिला काय म्हणायचं?"

"हाय तेच. बापानं नीट ठिवलं नाय." दुसरा जिना वाजला. वहिनींनी आवाज आणखी खाली आणला. "त्यांच्यावरच राहू द्या, भाऊजी. त्यांना आता काय लागायलंय?"

पुतणी आत आली, हेल्मेट काढलं, माझ्या पाया पडली. मेथी बघून म्हणाली, पराठे कर. मग आमच्या तोंडांकडं बघून विषय कोणता असेल ते तिनं ओळखलं; त्या घरात आम्ही दोघं असे बसलो की विषय एकच असायचा.

"काका," ती म्हणाली, "बाबांनी एक दुसरी कॉपी ठेवायलाच पाहिजे होती ना?"

वहिनी खाली मान घालून मेथी निवडत होत्या. निवडलेली पानं त्यांच्या उजव्या हाताला होती, नुसत्या काड्या डाव्या हाताला.

मी म्हणालो, "व्हय गं. ठेवायला पाहिजे होती."